शिकाऱ्याचा वेष आणि हरणाचे डोळे

आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. वन्य प्राण्यांची शिकार आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. काळवीट त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते मारणाऱ्याला ३ ते ७ वर्षांची कैद आहे. मग शिकाऱ्याने कोणत्या मुलखात, कोणत्या ऋतूत, कोणत्या रंगाचा वेष घालावा याची चर्चा वसंत ऋतूतल्या या व्यासपीठावर कशासाठी?

यासाठी की, लपून राहण्याची विद्या शिकारीपेक्षा मोठी आहे. पक्षी पाहणाऱ्याला ती लागते, छायाचित्र घेणाऱ्याला लागते, वनखात्याच्या गणतीसाठी पाणवठ्यावर रात्र काढणाऱ्याला लागते. रात्री वावरात राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्याला तर तिची उलटी बाजू लागते; आपण दिसावे कसे, हा त्याचा प्रश्न. शिवाय आणखी एक कारण आहे. या विद्येत जगात कुणाच्याही पंक्तीला बसावी अशी माणसे आपल्या परभणीच्या माळावर होती. त्यांच्याकडून काय शिकण्यासारखे होते, हे आपण कधी विचारलेच नाही.

आज बाजारात गेल्यास पानाफांद्यांच्या छापाची पाटलोणे आणि टोप्या सर्रास टांगलेल्या दिसतात. झाडाची साल, वाळकी पाने, काटक्या यांची हुबेहूब चित्रे कापडावर छापण्याची ही कल्पना अमेरिकन शिकाऱ्यांची. तेथे १९८६ साली अशा छापाचे दोन मोठे उद्योग सुरू झाले आणि पुढे प्रत्येक प्रकारच्या जंगलासाठी व प्रत्येक ऋतूसाठी वेगळा छाप निघाला. तिकडे शिकार परवान्याने चालते, त्यामुळे या कापडाला गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तरुण मंडळी ते हौसेने घालतात. हौसेला हरकत नाही; मात्र सैनिकाच्या गणवेषासारखा वेष, आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने घालणे हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे, आणि भारतीय सैन्याने २०२२ साली आणलेल्या नव्या छापाची तर नोंदणीच करून घेतली आहे. कापड निवडताना एवढे भान असावे.

पण खरा प्रश्न निराळाच आहे. हे कापड घालून आपण लपतो ते कुणाच्या डोळ्यांपासून?

दुकानात कपडा हातात घेऊन आपण म्हणतो, 'वा, अगदी रानासारखा दिसतो!' दिसतो खरा, पण आपल्याला. हरणाने तो पाहिलेला नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. हरणे, गाई-बैल, शेळ्या, डुकरे या खुरांच्या प्राण्यांत त्या दोनच प्रकारच्या असतात. एक निळ्या बाजूची, दुसरी हिरव्या-पिवळ्या बाजूची. लाल ओळखणारी तिसरी पेशी त्यांना नाही. हरणांच्या डोळ्यांवर १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रत्यक्ष प्रयोग झाले, तेव्हा हे निश्चित कळले. म्हणजे पिकलेले टोमॅटो, हिरवे पान आणि शेंदरी पागोटे यांतला जो भेद आपल्या डोळ्यात भरतो, तो हरणाला जवळजवळ जाणवतच नाही. सारे एकाच मळकट पिवळसर छटेचे. बैल लाल फडक्याने चिडतो ही समजूतही यामुळेच निकालात निघते. बैल चिडतो तो फडक्याच्या हालचालीने.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शिकाऱ्याने अंगावर भडक नारिंगी रंगाचा कपडा घातलाच पाहिजे, असा नियम आहे. ऐकून आपण चकित होतो. पण तो रंग दुसऱ्या शिकाऱ्याला मैलभरावरून दिसतो आणि हरणाला मात्र दिसत नाही, असा तो हिशेब आहे. वाघाने हा हिशेब फार पूर्वीच केला आहे. सस्तन प्राण्यांच्या केसांत हिरवा रंग तयार होत नाही. मग वाघाने नारिंगी रंग घेतला. २०१९ साली इंग्लंडातील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन रंगपेशींच्या डोळ्याला वाघ कसा दिसेल याचा अभ्यास प्रसिद्ध केला. चितळाला वाघ हिरवट दिसतो. आपल्याला तो पोस्टरावरच्या चित्रासारखा उठून दिसतो, याचे कारण आपण फळे शोधणाऱ्या वानरकुळातले आहोत.

वाघाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून हे कळले. वाटेत तो हिंगोलीच्या मुलखातून गेला. १ मे १९९९ पर्यंत हा मुलूख आपल्याच परभणी जिल्ह्याचा भाग होता. कापसाची वावरे, तुरीचे पट्टे, ओढ्याकाठची झुडपे. दिवसा दडी, रात्री चाल. जेथे घनदाट जंगल औषधालाही नाही, तेथून एवढे मोठे जनावर गेले आणि बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. मुलूख उघडा आहे म्हणून लपता येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

निळ्या रंगाची गोष्ट मात्र उलट आहे. हरणाचे डोळे निळ्याला तीक्ष्ण आहेत, आणि आपल्या डोळ्यांचे भिंग जो जंबुपार प्रकाश अडवते तोही त्यांच्या डोळ्यांत थोडाफार शिरतो. हल्लीच्या कपडे धुण्याच्या पावडरींत पांढरेपणा खुलविणारे एक द्रव्य असते. ते जंबुपार प्रकाश शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकते. म्हणजे कुणी हौशी माणसाने हजार रुपये मोजून रानाच्या छापाचा सदरा घेतला आणि घरी तो अशा पावडरीत धुऊन काढला, तर संधिप्रकाशात हरणाला तो चमकत्या निळ्या धुक्यासारखा दिसण्याचा संभव आहे. पैसे गेले ते गेले आणि सावजही गेले!

पक्ष्यांशी गाठ असेल तर हे सारे गणित बदलते. पक्ष्यांच्या डोळ्यांत रंगपेशी चार प्रकारच्या असतात. ते आपल्यापेक्षा अधिक रंग पाहतात. येलदरीच्या जलाशयावर हिवाळ्यात बदके पाहायला जाणाऱ्याला नारिंगी टोपी चालणार नाही. तेथे रंग काठाशी जुळला पाहिजे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे डोक्यावर आडोसा हवा. बदक वरून पाहते. खाली माणसाचा उघडा चेहरा आणि हात हे दोन पांढुरके ठिपके त्याला प्रथम दिसतात, सदरा नंतर.

आता आपल्या मुलखाकडे वळू. परभणी जिल्हा म्हणजे मुख्यतः गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांतली काळी कसदार जमीन. उत्तरेला जिंतूरच्या बाजूला डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटच्या रांगा, आणि मधे क्षितिजापर्यंत वावरेच वावरे. दाट अरण्य नाही. सावलीत मिसळून जावे असे मोठे वृक्ष थोडे. लिंब, बाभळी, बोरी आणि नदीकाठी काही चिंचा-आंबे. अशा ठिकाणी अमेरिकेतल्या ओक वृक्षांच्या जंगलाचा छाप काय कामाचा? त्या छापातली बारीक पाने दहा पावलांवरून सुंदर दिसतात. शंभर पावलांवरून त्यांचा गोळा होऊन एक काळसर डाग उरतो. खुरांच्या प्राण्यांची नजर बारकाव्याला आपल्याहून मंद असते, त्यामुळे त्यांना तो डाग पन्नास पावलांवरही डागच दिसणार. चैत्रातल्या फिकट माळावर माणसाएवढा, उभा, काळसर डाग. याला लपणे म्हणत नाहीत.

उघड्या मुलखासाठी नियम असा, की नक्षी असलीच तर मोठी असावी. हाताच्या पंजाएवढे, गडद आणि फिके असे तुटक पट्टे, म्हणजे खांदा, पाठ, बाहू यांची रेघ मोडते. आकार मोडणे हे रंग जुळविण्यापेक्षा महत्त्वाचे. प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० साली प्राण्यांच्या रंगांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याचा भर या मुद्द्यावर आहे. आणि नक्षी मिळाली नाही तर साधे मातकट कापड पुरे. 'खाकी' हा शब्दच फारसीतल्या 'खाक', म्हणजे धूळ, यावरून आला. १८४६ साली पेशावर येथे लम्सडेन याने उभारलेल्या गाइड्स पलटणीने हा धुळीचा रंग घेतला आणि तेथून तो जगभर पसरला. वाळवंटी सरहद्दीवर जन्मलेला हा रंग आपल्या उन्हाळ्याला मात्र फार शोभतो.

ऋतूंचा हिशेब आपल्याकडे वनस्पतींपेक्षा शेतीच्या कामांवर चालतो. मृगाचा पाऊस पडला, की नांगरट केलेले रान ओले होऊन कोळशासारखे काळे दिसते. त्या दिवसांत धनगरी घोंगडीइतका चांगला वेष नाही. काळ्या लोकरीची ती घोंगडी पावसात अंगावर घेऊन बांधाला बसलेला माणूस ढेकळासारखा दिसतो. तिचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने ती चमकत नाही, आणि खोळ केली की डोके व खांदे यांचा ओळखीचा आकारही पुसला जातो. श्रावण-भाद्रपदात सारे हिरवे होते. तेव्हा हिरवा कपडा घालावा असे मनात येते, पण हरणाला हिरवे आणि तपकिरी सारखेच. पक्ष्यांसाठी मात्र हिरवा घ्यावा. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो. पऱ्हाटीच्या रानात पांढऱ्या ठिपक्यांची अशी गर्दी असते, की मळक्या पांढऱ्या धोतरातला माणूस तेथे सहज हरवतो. मग रब्बीची ज्वारी. माघापर्यंत ती पुरुषभर उंच होते. या पिकात माणूस तर काय, रोह्यांचा कळपही दिसत नाही. पण ज्वारीत दिसण्याचा प्रश्न नसून ऐकू येण्याचा आहे. वाळलेली पाने कागदासारखी वाजतात; अंगावरचा कपडा जाड, ताठ, नायलॉनचा असेल तर पानावर घासून त्याचा आवाज दूर जातो. तेथे जुने, धुऊन मऊ झालेले सुती कापडच चांगले.

सुगी झाली, कडब्याच्या गंज्या लागल्या, की रान एकदम उघडे पडते. धसकटे, वाळके गवत, भेगाळलेली जमीन. ओली असताना कोळशासारखी दिसणारी तीच माती आता वाळून राखी पडते, आणि पावसातली घोंगडी इथे उठून दिसते. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत फिके, धुळकट, पिवळसर कापड वापरावे आणि उभे राहू नये. माळाच्या धारेवर उभा राहिलेला माणूस कोणत्याही कपड्यात दिसतो, कारण त्याच्या मागे आकाश असते. मागे गंजी किंवा बाभूळ असावी, सूर्य पाठीशी असावा, आणि वारा जनावराकडून आपल्याकडे येत असावा. यातले शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. डुकराच्या नाकापुढे कोणत्याही कापडाची मात्रा चालत नाही.

एवढे सांगून मी थांबलो असतो, तर हे व्याख्यान कोणत्याही शिकारी पुस्तकातले एक प्रकरण झाले असते. पण आपल्या मुलखातली खरी गोष्ट पुढेच आहे.

काळवीट हे माळावरचे जनावर. झाडीत ते राहत नाही. दूरवर पाहणे आणि पळणे या दोनच गोष्टींवर त्याचा जीव अवलंबून असतो. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटर वेगाने ते पळते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, बाहुली आडवी असते. मान न वळविता त्याला जवळजवळ सारे क्षितिज दिसते. अशा जनावराजवळ उघड्या माळावर पोहोचायचे कसे? कापडाने ते जमत नाही, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. त्यांनी निराळीच युक्ती काढली. हरणाला जे रोज दिसते आणि ज्याने कधी त्याचे वाईट केलेले नाही, त्याचा आडोसा घ्यायचा.

मोगल काळात चित्त्याकडून काळविटांची शिकार होई, तेव्हा डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीतून कळपाजवळ नेत. गाडी सरळ अंगावर न नेता तिरकस, रेंगाळत नेत. काळविटे रोज गाड्या पाहतात. ती चरत राहत. कोल्हापूरच्या संस्थानातही चित्ते पाळले जात, आणि ते सांभाळणारे चित्तेवान होते. 'आईन-इ-अकबरी'त पाळीव हरणाच्या शिंगांना फास बांधून रानटी नरावर सोडण्याची रीत दिली आहे. रानटी नर झुंजायला येई आणि शिंगे अडकून सापडे. इंग्रज शिकारीही पुढे शिकले, की माळावर काळविटाजवळ जायचे तर खाकी कपडे आणि रांगणे सोडून एखाद्या शेतकऱ्याच्या गाडीच्या बाजूने चालत जावे.

यात सर्वांत पारंगत होते फासेपारधी. त्यांची रीत अशी. शिकविलेला एक बैल किंवा गाय असे. ती चरत चरत, मधेच थांबत, कळपाच्या दिशेने सरके. पारधी तिच्या पलीकडच्या अंगाला वाकून चाले, आणि पाय तिच्या पायांबरोबर टाकी. हरणाने खालून पाहिले तरी चार पाय हलताना दिसावेत. पाचवा-सहावा पाय चुकीच्या वेळी हलला की खेळ संपला. मग योग्य जागी तो फास लावी. तातीचे बारीक फास, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधलेले, मातीत न दिसणारे. पुन्हा बैलाच्या आडोशाने वळसा घालून तो कळपाच्या पलीकडे जाई, आणि आता मात्र अचानक स्वतःला दाखवी. कळप उधळे तो फासांच्या दिशेने. लपणे आणि दिसणे या दोन्ही गोष्टी एकाच शिकारीत, आपापल्या वेळी. तित्तरासाठी त्याच्याकडे पाळलेला तित्तर असे. पिंजऱ्यातून तो ओरडला की रानातले तित्तर भांडायला येत.

या माणसाच्या अंगावर काय असे? लंगोट, मळके मुंडासे, खांद्यावर धडपा. शेतकऱ्याच्या अंगावर असते त्याहून निराळे काही नाही. त्याने हरणाच्या डोळ्यांना फसविलेच नाही. हरणाला बैल दिसत होता, आणि तो खरोखरीचाच बैल होता. फसविला होता तो हरणाचा अनुभव. आजही परभणी-सेलू रस्त्याने जाताना काळविटांचा कळप दिसला तर पाहा. कुळव हाकणारा गडी पन्नास पावलांवर असतो आणि हरणे मान वर करीत नाहीत. त्याच अंतरावर मोटार थांबली आणि दार उघडून कुणी खाली उतरला, मग तो पानाफुलांच्या छापात नखशिखान्त गुंडाळलेला का असेना, कळप पार होतो.

या विद्येचे पुढे काय झाले, ते सांगायला आनंद वाटत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यात पुढे वेगवेगळ्या प्रांतांतून अनेक भटक्या जमाती दाखल झाल्या. फासेपारधीही त्यांत आले. जन्मतःच गुन्हेगार! जो माणूस चार पावले पाय न वाजविता चालतो, ज्याचा माग लागत नाही, जो रात्री रानात वावरतो, तो चोरच असला पाहिजे, असा त्या काळच्या अंमलदारांचा तर्क. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. महाराष्ट्रात ही जमात आज अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. पण कायदा गेला तरी नजर गेली नाही. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिला संशय, ही रीत आपल्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही? त्यानंतर १९७२ चा कायदा आला आणि त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला. तो कायदा आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. १९४७ च्या सुमारास मध्य भारतातले शेवटचे चित्ते बंदुकीने मारले गेले आणि १९५२ साली चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. माळढोक महाराष्ट्रात नावापुरताच उरला. या नाशात बंदूक, मोटार आणि नांगराखाली गेलेली गायराने यांचा वाटा किती आणि तातीच्या फासाचा किती, हे मात्र कुणी फारसे मोजले नाही. ज्याच्या हातचा फास काढून घेतला, त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला नाही.

कायद्याची व्याप्ती आपल्यालाही नीट ठाऊक नसते, म्हणून येथेच सांगतो. 'शिकार' या शब्दात तेथे केवळ मारणे येत नाही. फास लावणे, हाकून नेणे, आमिष ठेवणे आणि या साऱ्यांचा नुसता प्रयत्नही त्यात येतो. पक्ष्याची अंडी उचलणे, घरटे विसकटणे हीसुद्धा शिकारच. छायाचित्रासाठी टिटवीच्या अंड्यांभोवतीचे गवत उपटून जागा मोकळी करणाऱ्या सुशिक्षित मंडळींनी हे लक्षात घ्यावे. टिटवी, रातवा, धाविक हे पक्षी घरटे असे बांधतच नाहीत. उघड्या जमिनीवर अंडी घालतात. आफ्रिकेत झांबियामध्ये अशा पक्ष्यांचा अभ्यास झाला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले, की प्रत्येक मादी स्वतःच्या पिसांशी किंवा अंड्यांशी जुळेल अशीच जागा निवडते. जमीन तीच, जात तीच, पण हिची जागा निराळी आणि तिची निराळी. आपण ती जागा थोडी 'साफसूफ' केली, की तिचा सारा हिशेब बिघडतो आणि कावळ्याचे काम सोपे होते.

आणि अशी जागा ओळखावी तर पारध्याने. अकोला-वाशीम भागात तणमोर या अतिशय दुर्मिळ झालेल्या पक्ष्याच्या रक्षणाचे काम गेली काही वर्षे चालू आहे, आणि त्यात फासेपारधी कुटुंबे सहभागी आहेत. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उंच उड्या मारतो, तेव्हा तो कुणालाही दिसेल. पण मादी आणि तिची अंडी दिसायला पिढ्यान्‌पिढ्यांची नजर लागते. जी नजर फास कोठे लावावा हे सांगत होती, तीच आता कुंपण कोठे घालू नये आणि शेतातला कोणता तुकडा पीक काढताना सोडून द्यावा हे सांगते. मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची आणि रानाची नावे जमविली, त्यांतली कितीतरी रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून. परभणी जिल्ह्यातही काळविटांची आणि माळावरच्या पक्ष्यांची गणती होते. त्या गणतीच्या चमूत महाविद्यालयातले विद्यार्थी असतात, ते योग्यच आहे. एखादा पारधीही रीतसर मानधन देऊन बोलवावा, असे मला फार दिवसांपासून वाटते.

आता राखणीला बसणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न. काळवीट, रोही आणि डुक्कर यांनी हरभऱ्याचे, सोयाबीनचे, ज्वारीचे जे नुकसान होते, ते शहरात बसून हसण्यावारी नेण्यासारखे नाही. माळ्यावर चढून, गोफण घेऊन, थंडीत रात्र काढणाऱ्याला काळविटाचे सौंदर्य समजावून सांगण्यात अर्थ नसतो. रोही आणि डुक्कर यांच्या बाबतीत वनखात्याकडे अर्ज करून काही अटींवर परवानगी मिळू शकते. काळविटाच्या बाबतीत नुकसानभरपाईचा अर्ज हाच मार्ग आहे, आणि तो वेळेत केला पाहिजे.

दरम्यान, आपले शेतकरी वावराभोवती जुन्या साड्या बांधतात. लाल, जांभळ्या, हिरव्या, जरीच्या काठाच्या. दुरून पाहिले तर लग्नाचा मांडव वाटावा. उपाय स्वस्त आहे आणि काही दिवस लागूही पडतो. वाऱ्याने साडी फडफडते, तिला माणसाचा वास असतो. पण वर सांगितलेल्या डोळ्यांच्या हिशेबाने पाहा. हिरव्या पिकाभोवती बांधलेली लाल किंवा हिरवी साडी ही आपल्याला भडक, पण डुकराला आणि हरणाला पिकासारखीच मळकट. त्यांना उठून दिसायची तर ती पांढरी किंवा निळी हवी. पांढरेपणा आणणाऱ्या त्या पावडरीत धुतलेली असेल तर फारच छान. रानात लपायला जाणाऱ्याने जी पावडर टाळायची, ती इथे मुद्दाम वापरायची! बुजगावण्याचेही तसेच. त्याला लाल सदरा घालण्यापेक्षा पांढरा घालावा, बाह्या सैल ठेवाव्यात म्हणजे वाऱ्याने हलतील, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याची जागा बदलावी. एका जागी उभा राहणारा आणि कधीच काही न करणारा माणूस कोण, हे काळविटाला आठवड्यात कळते. पारध्याच्या बैलाकडे पाहून ते चरत राही, तसे मग या बुजगावण्याकडे पाहूनही चरत राहते.